मडगावात व्हेटेलच्या सह्या: जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

फोंड्याहून मडगावला कदंबच्या बस आहेत, पण फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा जर्मन चालक सेबॅस्टियन व्हेटेल याच्या सह्या बघायला जायचं असेल तर सकाळीच पोहोचा. दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद असतात, आणि त्या वेळी कुणाच्या घरची बेल वाजवणंही बरं नव्हे.

मी व्हेटेलच्या सह्यांचा संग्रह करतो. भारतातल्या माणसाने फॉर्म्युला वनच्या सह्या जमवायच्या तर त्याच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनच ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यती, झाल्या आणि तिन्ही त्यानेच जिंकल्या. 27 ऑक्टोबर 2013 ला चौथं विश्वविजेतेपदही त्याने तिथेच पक्कं केलं. शर्यत संपल्यावर प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरून तिला वाकून नमस्कार केला. त्यापायी त्याच्या रेड बुल संघाला 25,000 युरोंचा दंड झाला. आपल्या मातीवर घडलेला हा क्षण, म्हणून त्या शर्यतीची सही मला हवी होती.

मडगावचे एक काका तिन्ही वर्षं तिथे गेले होते. ओळखीतून फोन करून गेलो. काकींनी कोकम सरबत दिलं आणि काकांनी कपाटातून खोका काढला. कार्ड, टोप्या आणि प्रत्येक सहीसोबत त्या दिवसाचं तिकीट. "तिकीट सोडून सही देणार नाही हां," त्यांनी आधीच बजावलं. त्यांचं अगदी बरोबर आहे. सही कुठे, कधी, कुणासमोर झाली हे सांगणारा कागद नसेल तर तिचं मोल निम्म्यावर येतं. कुणीही छापू शकेल अशा चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा जुनं तिकीट आणि सही घेतानाचा फोटो कितीतरी भरवशाचा.

जाताना भिंग न्याच. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. खरी शाई कागदावर बसलेली असते, कार्ड तिरकं धरलं की तिची चमक वेगळी उठते. दोन सह्या तंतोतंत एकावर एक बसल्या तर त्या यंत्राच्या समजा. माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही. गाडीचा क्रमांकही बघा. 2011 ते 2014 व्हेटेलच्या गाडीवर विश्वविजेत्याचा 1 होता, त्याचा आधीचा 5 परत आला तो 2015 ला फेरारी संघात गेल्यावर. कुणी फेरारीची टोपी "2013 ची सही" म्हणून दाखवली तर हात जोडून निघा. मायकेल शूमाकर या दुसऱ्या जर्मन विश्वविजेत्याच्या बाबतीत तर फारच जपा: डिसेंबर 2013 च्या स्कीइंगच्या अपघातानंतर तो लोकांसमोर आलेला नाही, त्यानंतरची सही कुणी विकत असेल तर ती घेऊ नका.

हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात मला या विषयाचं काही सापडलं नाही. नुव्याचं जुन्या गाड्यांचं संग्रहालय मात्र मडगावहून जवळ आहे, मुलं सोबत असतील तर वाट वाकडी करा.

खरी काळजी घरी आणल्यावर सुरू होते. गोव्याचा पावसाळा फोटोंचा वैरी. फ्रेमच्या काचेला फोटो थेट टेकला की दमट हवेत चिकटतो आणि सोडवताना सही काचेवर राहते. म्हणून मध्ये जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, तोही आम्लरहित कागदाचा. लॅमिनेशन अजिबात करू नका. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिथे ओल येते. ऊनही लागू देऊ नका, मार्कर पेनची शाई उन्हाने उडते. जून ते सप्टेंबर मी सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि पुड्या अधूनमधून बदलतो.

बसने आणताना कार्डाच्या दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा लावा, वर प्लास्टिकची पिशवी. चकचकीत फोटोची गुंडाळी करू नका, शाईला भेगा जातात. आणि तिकीट मागून घ्यायला विसरू नका.