पावतीवर नाव काय घालू?

दोन मुलींची शाळेची फी मी एका संस्थेमार्फत दरवर्षी भरते. मुलींना माझं नाव माहीत नाही. हे ज्यांना कळतं ते हमखास विचारतात, "चांगलंच काम आहे, मग लपवायचं कशाला?" परवा पंचवटीतल्या एका मावशींनी तर थेट विचारलं, "दोन नंबरचा पैसा आहे का गं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पैसे चेकनं जातात. संस्थेच्या वहीत माझं नाव, पॅन, सगळं आहे. त्याशिवाय करसवलत मिळत नाही. लपलेय ती फक्त मुलींपासून.

सातवीत माझीही फी एका गृहस्थांनी भरली होती. गॅदरिंगला माइकवरून माझं नाव पुकारलं, कारणही सांगितलं, आणि बाई कानात म्हणाल्या, "पाया पड." पडले. त्यांच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, तेवढंच दिसलं. माणूस भला होता, खरंच. पण दहावी होईपर्यंत ते रविवार कारंज्यावर दिसले की मी गल्लीत शिरायचे. मार्क कमी पडले की आईच्या आधी त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर यायचा.

नाव लावूच नये असं माझं म्हणणं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 नंबरच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं नावानिशी कोरून ठेवलंय : विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी), दरमहा शेकडा 1 व्याजानं, त्यातून 20 भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी 12. (हिशेब करून बघा, वर्षाचे 240 चोख जुळतात.) तिथं नाव हवंच. उद्या व्याज थकलं तर ठेव कोणाची, हे दाखवायला नको? पण 18 नंबरच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दारावर नुसतं एका गावाचं दान म्हणून लिहिलंय, धंभिक गावाचं. कोणी किती दिले, पत्ता नाही. मी पाहुण्यांना आधी तिकडे नेते.

निनावीपणाचं दुसरं तोंडही घरातच पाहिलंय. धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न एका पत्रानं मोडलं. निळं आंतर्देशीय, अक्षर वळणदार, खाली सही 'आपला एक हितचिंतक'.

यंदा जूनमध्ये संस्थेच्या कार्यालयातल्या क्लार्कनं विचारलं, "ताई, मुलींनी विचारलं तर काय सांगू? एक हितचिंतक म्हणू?"

म्हटलं, "ते सोडून काहीही म्हणा."