जुन्या ऑटोमॅटिकची थरथर: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय काय तपासलं

गाडी जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक, धाव २ लाख ३० हजार किमी. तक्रार एकच. ६०-७० च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका धरला की ती क्षणभर थरथरते, रस्त्यावरच्या बारीक रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पाय जोरात दिला की थरथर गायब. दाखवली तिथे 'गिअरबॉक्स उघडावा लागेल' असं सांगितलं गेलं. मला ते पटलं नाही, कारण गिअर स्वच्छ बदलतात, रिव्हर्स लगेच लागतो आणि बदलताना आरपीएम मोकळा वर पळत नाही. क्लचपट्ट्या झिजल्या असत्या तर एवढं सगळं ठीक राहिलं नसतं.

म्हणून संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपवर. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग, आणि लॉक-अप म्हणजे त्यातला क्लच, जो दोघांना थेट जखडतो. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त ब्रेकलाइट लागेल इतकंच दाबलं. तेवढ्याने लॉक-अप सुटतो. आरपीएमचा काटा सुमारे ३०० ने वर गेला आणि थरथर त्याच क्षणी थांबली. पेडल सोडलं, थोड्या वेळाने लॉक-अप परत लागला आणि थरथरही परत आली.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. इंजिन मिसफायर करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तरी अगदी असंच जाणवतं, कारण लॉक-अपमध्ये इंजिनाचा झटका थेट चाकांपर्यंत पोचतो आणि तो सुटला की झटका कन्व्हर्टरमधल्या ऑइलमध्ये मुरतो. कित्येक चांगले कन्व्हर्टर केवळ खराब इग्निशन कॉइलपायी बदलले जातात. मी स्कॅनरवर मिसफायरचे आकडे पाहिले, सगळ्या सिलिंडरचे शून्य. मग इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) यांच्या वेगातला फरक पाहिला. लॉक-अप पूर्ण लागल्यावर तो जवळपास शून्यावर स्थिर हवा. इथे २० ते ९० आरपीएममध्ये नाचत होता.

साध्या रीडरवर पी०७०० एवढाच बिघाडाचा कोड होता. त्याचा अर्थ इतकाच की खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये आहे. तिथे पी०७४१ मिळाला. हा कोडसुद्धा कन्व्हर्टर गेला असं म्हणत नाही. सांगितल्याप्रमाणे लॉक-अप धरत नाही, एवढंच तो सांगतो. कारण ऑइल असेल, सोलेनॉइड (ऑइलचा दाब सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) असेल, व्हॉल्व्ह बॉडीतली (ऑइल वाटून देणाऱ्या भागातली) गळती असेल किंवा लॉक-अप क्लच स्वतः.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये ठेवून पूर्ण ॲक्सिलरेटर देणं, मुद्दाम केली नाही. ती गिअरचे क्लच घसरतात का ते सांगते, आणि जुन्या गिअरबॉक्सला तो ताण विनाकारण.

सुरुवात ऑइलपासून. लेव्हल बरोबर होती. तांबडा रंग जाऊन गडद तपकिरी झालेला, पण करपट वास नाही. पॅन उतरवल्यावर चुंबकांवर राखाडी लगदा होता. बोटांत चोळला तर मऊ लागला, खरखर अजिबात नाही, चकाकणारा कीसही नाही. या वयाला एवढा लगदा साहजिक आहे.

'जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो' ही भीती सर्वत्र ऐकू येते. ऑइल काळं, करपलेलं आणि गिअर आधीच घसरत असतील तर ऑइल बदलून तो वाचणार नाही, हे खरं. पण इथे क्लच धड आहेत आणि जुन्या ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक संपले की नेमकी अशीच थरथर सुरू होते. म्हणून मशीनने फ्लश न करता मॅन्युअलमध्ये दिलेल्याच प्रतीचं ऑइल काढ-भर पद्धतीने बदललं. बरंचसं ऑइल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, त्यामुळे मधे गाडी चालवून पुन्हा काढ-भर करावी लागते.

पहिल्या भरणीनंतर फरक नगण्य. नंतर मात्र वेगातल्या फरकाचे आकडे २० च्या खाली आले. आता थरथर फक्त गाडी चांगली तापल्यावर, हलक्या चढावर येते.

सोलेनॉइडचा रेझिस्टन्स थंड असताना मॅन्युअलप्रमाणे आहे. गरम असताना मोजायचा बाकी आहे. तोही ठीक निघाला तर व्हॉल्व्ह बॉडी उतरवून लॉक-अप व्हॉल्व्हच्या बोअरची (तो सरकतो त्या भोकाची) गळती तपासायला व्हॅक्यूम टेस्ट. कन्व्हर्टरचा नंबर त्यानंतर.