तुम्ही विचारलंत म्हणून : तिथे पोट चालतं कशावर?

ग्रनेडाहून परतल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. (स्पेनमधलं ग्रनाडा वेगळं. हे कॅरिबियन समुद्रातलं, उच्चारही ग्रनेडा.) क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडं जास्त. एवढ्यात एक अख्खा देश.

पूर्वी मी एका शब्दात सांगायचे, जायफळ. लोक हसायचे. आपल्याकडे श्रीखंडापुरतं उगाळलं की उरलेलं वर्षभर डब्यात पडून असतं. त्यावर देश कसा चालणार? पण त्यांच्या झेंड्यावरसुद्धा जायफळच आहे. गुलामगिरी १८३४ मध्ये संपली, उसाचे मळे ओसरत गेले आणि ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या त्या डोंगरउतारांवर छोट्या शेतकऱ्यांनी कोको आणि जायफळ धरलं. इंडोनेशियाच्या पाठोपाठ ग्रनेडाचं नाव घेतलं जाई. बागेतल्या पायवाटेवर खडीऐवजी जायफळाची टरफलं पसरलेली असत. चालताना कुरकुर आवाज.

मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन वादळ आलं. वादळं आपल्या उत्तरेकडून जातात, असा बेटाचा समज होता. १९५५ चं जॅनेट विसरायला पन्नास वर्षं पुरली. जायफळाची बहुतेक झाडं एका दिवसात आडवी झाली. ऊस पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. जायफळाचं रोप मात्र सहा-सात वर्षं फुलत नाही, आणि फुलेपर्यंत ते नर की मादी हेही कळत नाही. कोकणातल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. साठी ओलांडलेल्या माणसाने कशाच्या जोरावर लावायचं? अनेकांनी कोकोच बरा मानला, तो तीन-चार वर्षांत धरतो.

तर खरं उत्तर असं : पर्यटन, आणि १९७० च्या दशकात सुरू झालेलं परदेशी विद्यार्थ्यांचं वैद्यकीय विद्यापीठ. १९८३ मध्ये अमेरिकेने बेटावर सैन्य उतरवलं, तेव्हा याच विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचं कारण पुढे केलं होतं.

माझ्या घरमालकीणबाईंनी वादळानंतर परसात सात रोपं लावली. चार नर निघाली. परागासाठी एक ठेवून तीन तोडली. वरच्या मजल्यावर त्यांनी दोन विद्यार्थी ठेवले होते. मी त्या झाडांबद्दल विचारलं की त्या जिन्याकडे बोट दाखवायच्या. "ही पोरं बरी. पहिल्या महिन्यापासून भाडं देतात."