तुम्ही विचारलंत म्हणून: २९ एप्रिलचा हार

"लढाई इंग्रजांची, पगार इंग्रजांचा, मग दरवर्षी २९ एप्रिलला चावडीतल्या त्या दगडाला हार कशाला घालता?" हा प्रश्न मला गावात विचारतात, साताऱ्यात विचारतात, परवा तर भाचीच्या लग्नात पंगतीत बसल्यावर शेजारच्या पाहुण्यांनी विचारला. तिथं नीट सांगता आलं नाही म्हणून इथं सांगतो.

आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या सातारा-सांगलीकडं गावोगाव सापडतील. त्यावर इंग्रजीत एवढंच आहे की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातल्या सात जणांनी प्राण दिले. बास. सात. कोण सात ते नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी, तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. तिथं निदान जिल्ह्याला माहिती आहे. आमच्या सातांचं कुणाला काय.

त्या सातातला एक माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. ११७ व्या मराठा पलटणीत होता. घरात सगळे "बसऱ्याला गेला" एवढंच म्हणायचे, पण बसरा म्हणजे तेव्हा तुर्कांच्या ताब्यातल्या इराकचं बंदर, तिथं तो फक्त उतरला. तिथून टायग्रिस नदीच्या काठाकाठानं वर बगदादकडं निघालेली सहावी पूना डिव्हिजन, त्यात तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफोनला तुर्कांशी मोठी लढाई झाली, आपल्या बाजूची चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि तिथून मागं फिरून सगळे कुट नावाच्या गावात येऊन थांबले, नदीच्या वळणात, तीन बाजूला पाणी. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला तो जवळजवळ पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजेची वीस हजारांवर माणसं पडली तरी वेढा फुटला नाही. आत शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आपल्या लोकांनी आधी नकार दिला, धर्माचं होतं, घरी कळलं तर जातीत घेतील का हे होतं. मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत मटण तोंडाला लावलं नाही आणि पिठाचं रेशन तर रोज कमी होत चाललेलं, रानातला पाला शिजवून खाल्ला, हिरड्या सुजून दात पडायला लागले. ज्या माणसाला घरी ज्वारीची भाकरी आणि कोरड्यास याच्यापलीकडं काही लागत नव्हतं तो माणूस पिठाविना मरायला टेकला, हे वाचताना मला दरवेळी पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

२९ एप्रिल १९१६ ला आतल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. टाउनशेंड स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर चांगल्या बंगल्यात राहिला आणि शिपाई उन्हातनं चालत उत्तरेला गेले, रेल्वेच्या कामावर जुंपायला. वाटेत आणि नंतर त्यातले हजारो मेले. आमचा त्या वाटेवर गेला. युद्ध संपल्यावर गावातला एक जण परत आला, त्यानं पारावर सांगितलं की वाळूत बसला तो परत उठला नाही, आम्हाला थांबू दिलं नाही.

तोपर्यंत तीन वर्षं माझी चुलत आजी कुंकू लावत होती. ते सांगणं झालं त्या दिवशी पुसलं. वय सतरा. ती १९८० पर्यंत होती, मी तिला चांगलं पाहिलंय, आम्ही तिला धाकली आई म्हणायचो. माझ्या वडलांना त्याचंच नाव ठेवलेलं, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना, म्हणून तिनं वडलांना जन्मभर "पोरा" म्हणून हाक मारली. वडलांचे केस पिकले तरी "पोरा, जेवलास का". म्हणजे सरकारनं दगडावर नाव घातलं नाही आणि घरात जिला त्याची सगळ्यात जास्त आठवण तिला ते उच्चारता येत नव्हतं.

बसऱ्याच्या मोठ्या स्मारकाचंही तेच. इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्यातले अधिकारी असतील तर त्यांची कोरली, आणि बाकीच्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ ला याबद्दल माफी मागितली. मला राग माफी उशिरा आली याचा नाही, नावं त्यांच्या रजिस्टरात होती याचा आहे. बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं लिहिलेलं. आता ते ऑनलाइन शोधता येतं, स्पेलिंग वाट्टेल तशी आहेत, पण चार रात्री बसून मी गावातली चार नावं काढली, आपलं धरून.

इंग्रजांची लढाई होती हे मला मान्यच आहे हो. मी काही इंग्रजांना हार घालत नाही. याच जिल्ह्यात पुढं १९४३ ला नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि आमच्या गावात एकाच घरातला थोरला इंग्रजांच्या पेन्शनीत आणि पुतण्या भूमिगत असंही होतं, दोघांना एकाच चुलीवरची भाकरी. पुतण्याचा फोटो शाळेत आहे, बरोबर आहे, असायलाच पाहिजे. पण जमीन पुरत नाही म्हणून भरती झालेला वीस वर्षांचा पोरगा लढाई कुणाची हे ठरवायला बसला नव्हता, आणि मेला तो आमच्या गावचा म्हणूनच मेला.

पाचवं नाव हेळव्यानं दिलं. बैल घेऊन घराण्यांच्या वंशावळ्या सांगत येतो तो हेळवी, त्याच्या चोपडीत एका घराच्या फांदीवर "लढाईत गेला, वंश नाही" असं निघालं. चोपडीचं पान मी दोनदा वाचून घेतलं त्याच्याकडून.

२९ तारखेला मी हार घालतो आणि ही पाच नावं मोठ्यानं वाचतो, वडील होते तोवर तेही यायचे. दोन राहिलीत. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून झालंय, जुन्या वाड्यातली एक ट्रंक उघडायची कबुली मिळालीय, आणि हेळवी यंदा सुगी झाल्यावर यायला पाहिजे.