जालन्याच्या शेततळ्यावर डेन्मार्कच्या उन्हाची गोष्ट

वेरूळला यंदा इतकी गर्दी होती की कैलास लेण्यात शिल्पांपेक्षा हात वर करून धरलेले मोबाइलच जास्त दिसले. दौलताबाद झालं, पैठण झालं, संभाजीनगरात नान-खलियाही झाला. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचंय ते जालन्याच्या पुढच्या एका दुपारबद्दल.

मामांनी हुरड्याला बोलावलं होतं. सोबत माझा मावसभाऊ निखिल होता. तो डेन्मार्कमधल्या एका छोट्या गावात, अख्ख्या गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या कारखान्यात काम करतो. तिकडे घरोघरी हीटर नसतो. एका ठिकाणी पाणी तापवतात, जमिनीखालच्या नळांतून ते घराघरांत फिरतं आणि गार होऊन परत येतं. देशातली जवळजवळ दोन तृतीयांश घरं अशीच उबदार राहतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा आपल्याकडच्या कशाशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

जालन्याहून सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागलं की कडवंचीच्या बाजूला द्राक्षबागा सुरू होतात आणि बागांच्या मधे मधे शेततळी. उंचावरून पाहिलं तर उन्हात चमकणारे चौकोनच चौकोन. २०१२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चौकोन किती मोलाचे आहेत ते वेगळं सांगायला नको. मामांचं तळं ३० बाय ३० मीटर, खोली तीन मीटर. आत काळा जाड प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आणि एका कोपऱ्यात गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, माणूस असो की हरीण, आत घसरलं की वर येत नाही. त्यासाठी तो दोर.

हुरडा मनसोक्त झाला. गूळभेंडीची कणसं, आगटीतून काढल्या काढल्या हातावर चोळलेली, वर शेंगदाण्याची चटणी आणि मामींचं घट्ट दही. मग सगळे तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. निखिल बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडे घरं गरम ठेवायला अगदी असाच खड्डा करतात. फक्त वर झाकण असतं."

मामांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, त्यांत दुपार कधी संपली कळलं नाही.

निखिलने व्होयेन्स नावाच्या गावाचं सांगितलं. तिथे २०१५ मध्ये दोन लाख घनमीटरचा खड्डा केला, म्हणजे मामांच्या तळ्यासारखी नव्वदेक तळी एकत्र. खणलेली माती लांब वाहून न्यायची नाही, तिचाच चारी बाजूंनी बांध घालायचा. आत प्लास्टिकचं अस्तर, वर तरंगतं, उष्णता अडवणारं झाकण. उन्हाळ्यात सौरपट्ट्यांवर पाणी तापवून त्यात भरायचं, जवळजवळ उकळीच्या आसपास नेऊन, आणि हिवाळ्यात ती ऊब गावात सोडायची. जुलैचं ऊन जानेवारीत वापरायचं.

"सहा महिने गरम राहतंय?" मामींना ते पटेना.

राहतं, कारण खड्डा प्रचंड मोठा आहे. पाणी जितकं जास्त, तितकं त्याच्या मानाने बाहेरचं अंग कमी, आणि उष्णता निसटते ती बाहेरच्या अंगातूनच. शिवाय गरम पाणी वर राहतं आणि गार खाली. हे सांगायला निखिलला आकृती काढावी लागली नाही. मामाच म्हणाले, "मे महिन्यात तळ्यात उतरलं की छातीपर्यंत कोमट लागतं अन् पायाशी गारेगार." डेन्मार्कवाले नेमका हाच थर जपतात. पाणी आत सोडताना आणि बाहेर काढताना ते ढवळलं जाऊ नये म्हणून वेगवेगळ्या उंचीवर तोंडं ठेवतात. थर मोडला की सगळं पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्याने घरं तापत नाहीत.

पुढचा प्रश्न पाण्याचा. "एवढं पाणी आणतेत कुठून?"

"एकदाच भरतात मामा. मग तेच पाणी वर्षानुवर्षं. फक्त शुद्ध करून घेतात, नळ गंजू नयेत म्हणून."

मामा गप्प झाले. त्यांच्या तळ्यावरून मार्च ते मे रोज बोटभर पाणी उडून जातं. मी मोबाइलवर हिशोब केला. भरलेल्या तळ्यावरून एक सेंटिमीटर पाणी गेलं तरी नऊ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर, रोज, आकाशात. आणि हे पाणी पावसाचंच असतं असंही नाही. पावसाळा सरला की विहिरीतून, बोअरमधून उपसून तळी भरून ठेवतात. जे जमिनीत सगळ्या गावाचं होतं ते एका चौकोनात येतं आणि वाऱ्यावर जातं. ज्याच्या रानात तळं नाही त्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. मला हे फार लागतं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पाठवावं लागलं, ते विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही.

मग मामांनी जमिनीचं काढलं. व्होयेन्सच्या सौरपट्ट्या सत्तर हजार चौरस मीटर आहेत, म्हणजे नुसती काचच सतरा एकर, आणि दोन रांगांमध्ये सोडलेली जागा वेगळी. "कुणाचं रान गेलं त्यात?" हा प्रश्न आपल्याकडच्या एकाही चकचकीत सौरऊर्जेच्या लेखात मी वाचलेला नाही. निखिल म्हणाला, तिकडेही लोक तो विचारतात. द्रोनिंगलुंड नावाच्या गावात म्हणून त्यांनी खडी काढून सोडून दिलेली खाण निवडली आणि साठ हजार घनमीटरचा खड्डा तिच्यात बसवला. ते मला फार योग्य वाटलं.

आणि खाली झिरपणारी उष्णता? झाकणाला उष्णतारोधक असतं, पण तळाला आणि बाजूंना बहुधा नुसती माती. पहिली काही वर्षं भोवतालची जमीनच ऊन पिऊन घेते, मग गळती कमी होते. पण खालून भूजल वाहत असेल तर ते ऊब सोबत घेऊन जातं. गरम झालेल्या भूजलात प्राणवायू कमी विरघळतो, त्यातले सूक्ष्मजीव बदलतात, खडकातलं आर्सेनिकसारखं काही सुटून पाण्यात येऊ शकतं. नेदरलँड्समध्ये थेट भूजलातच ऊब साठवतात, तिथे म्हणूनच सर्वसाधारणपणे २५ अंशांपेक्षा गरम पाणी जमिनीत सोडू देत नाहीत. खड्ड्याची जागा निवडताना आधी भूजल किती खोल आहे ते बघावं लागतं. मामांना यातलं काही समजावावं लागलं नाही. बोअर घ्यायची जागा बघण्यात अर्धं आयुष्य गेलेला माणूस आहे तो.

निखिलचा जीव त्या तंत्रावर आहे, पण तो काही लपवत नव्हता. एका बेटावरच्या मार्स्टल नावाच्या गावात झाकणातल्या उष्णतारोधकात ओल शिरली, ऊब निसटायला लागली आणि झाकण बदलावं लागलं. आणि खड्ड्यात उन्हाचीच ऊब जाते असंही नाही. डेन्मार्क अजून ढिगाने लाकूड जाळतं, त्यातलं बरंच बाहेरच्या देशांतून येतं. साठवायची सोय झाली म्हणून लाकडाच्या भट्ट्या आणखी निवांत चालवता येतात, किंवा वारा जोरात असताना स्वस्त विजेवर पाणी तापवून त्याच भट्ट्या बंदही ठेवता येतात. खड्डा दोन्हीला सारखाच उपयोगी पडतो. काय जाळायचं हे माणसंच ठरवतात.

"ठरवतं कोण पण? सरकार?" मामांनी विचारलं.

तिथले बरेचसे कारखाने ग्राहकांच्याच मालकीचे आहेत, सभा होते, मतदान होतं, नफा घ्यायला कायद्याने बंदी. मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा असूया दिसली. उसाच्या सहकाराचं काय झालं ते त्यांनी सभासद म्हणून पाहिलंय.

चहा आला आणि मामांनी शेवटचं विचारलं, "हा कागद किती वर्षं टिकतोय तिकडं?" निखिल म्हणाला, तीच तर मोठी काळजी आहे. पाणी जितकं गरम तितकं प्लास्टिकचं आयुष्य कमी, नव्वद अंशांवर तर फारच. म्हणून अस्तर किती वर्षं तग धरेल याच्या चाचण्या तिकडे सतत चालू असतात.

मामा उठले आणि आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे आधीच्या कागदाची भलीमोठी घडी पडली होती, उन्हाने कडा भुरभुरीत झालेली, हात लावला तर कपचे निघत होते. थोडा कागद कडब्याच्या गंजीवर झाकलाय, थोडा गोठ्याच्या छपरावर टाकलाय, बाकीचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. शेजारच्यांनी बांधावर पेटवून दिला, काळा धूर संध्याकाळभर द्राक्षांवर बसला. मामांनी तसं करायला नकार दिलाय. परतताना आम्ही तालुक्याच्या गावात कागद विकणाऱ्या दुकानात चौकशी केली. नवीन हवा तेवढा देतो म्हणाले, जुना घेत नाही.

मला याचा संताप आलाय. गावोगाव तळी झाली, अजून होतायत, आणि प्रत्येक तळ्यातला कागद एक ना एक दिवस फाटणार आहे. तो परत घेणारं कुणी जालना, संभाजीनगर किंवा बीडच्या बाजूला तुमच्या माहितीत असेल तर मला कळवा. मामांची घडी अजून गोठ्यामागेच आहे, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली ते स्वतः भरून आणतील.