आमची वाटचाल : बावीस थेंब

कंपनीची वाटचाल लिहून दे, म्हणून मुलगी दोन वर्षं मागे लागली आहे. तिला स्थापना, विस्तार, पुरस्कार असं काहीतरी हवंय. पुरस्कार आम्हाला मिळालेला नाही. स्थापना एका गिझरमुळे झाली, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

तक्रार नेहमीचीच होती. पाणी तापायला वेळ लागतो, आतून तडतड आवाज येतो, आणि आता तर स्विच लावला की ट्रिप होतंय. मी आणि माझा भागीदार गेलो, टाकी रिकामी केली, फ्लँजचे बोल्ट काढले आणि कॉइल ओढली. ती बाहेर येईना. बोटाएवढी कॉइल क्षार बसून मनगटाएवढी झाली होती; ज्या भोकातून आत गेली त्यातून परत येणार कशी? आतल्या आत थर फोडत बसलो. अर्धी बादली पांढऱ्या खपल्या निघाल्या, अंड्याच्या टरफलासारख्या. टरफल आणि ती खपली मुळात एकच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भागीदाराला होतं. तो माझ्यापेक्षा हुशार, हे आजही मान्य करतो. पुढचं सगळं त्यामुळेच जास्त लागलं.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या क्षाराचं उलटं आहे. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि कार्बोनेट सगळ्यात गरम जागी, म्हणजे नेमकं कॉइलवर जाऊन बसतं. मग उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत भाजते, तिचं आवरण तडकतं आणि आत पाणी शिरलं की ट्रिप. कंपनीने गिझर खराब दिला म्हणून लोक भांडतात. गिझर बिचारा निर्दोष असतो.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. शब्द चोख आहे, पण गिऱ्हाईक ‘जड’ म्हणतं, नाहीतर ‘खारं’. खारं म्हणू नका. चवीला गोड लागणारं पाणीही चांगलं जड असू शकतं.

गिझर दुरुस्त करायचा आणि वर्षाने पुन्हा तोच फोडायचा, याला कंटाळून आम्ही सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारं, मिठावर चालणारं यंत्र, बसवू लागलो. ते मोजमापाचं काम. आमच्या किटमध्ये एक छोटी काचेची बाटली, बफर (पाण्याची आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण), इंडिकेटर (रंग बदलून दाखवणारा) आणि ईडीटीएचा, म्हणजे जडपणाचे क्षार पकडणाऱ्या रसायनाचा, ड्रॉपर. पाण्यात बफर टाकायचं, इंडिकेटर टाकला की पाणी वाइनसारखं लाल होतं, मग ड्रॉपरने एकेक थेंब सोडत बाटली हलवत राहायचं. लाल, लाल, जांभळट, आणि एका थेंबाला लख्ख निळं. एक थेंब म्हणजे एक ग्रेन, लिटरला 17.1 मिलिग्रॅम. आमच्या भागातल्या नळाला बावीस थेंब लागायचे, म्हणजे 376. लिटरला 180 च्या वर गेलं की पाणी अतिजड धरतात. हे काम टीडीएस मीटरने होत नाही, हे एकदाच सांगून ठेवतो. तो मीटर पाण्यातून वीज किती जाते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, सांगतो. सॉफ्टनरमध्ये कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतो, त्यामुळे टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं मशीन चालत नाही. किती जणांना समजावलं असेल, देव जाणे.

सहा वर्षं नीट गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सातव्या वर्षी भागीदार वेगळा झाला. झाला तर झाला, हिशेब चोख मिटवला. पण तीन महिन्यांत तो पाइपला बांधायचे चुंबक विकू लागला. मीठ नको, देखभाल नको, वीज नको. आणि विकायची पद्धत अशी: घरात जायचं, टेबलावर दोन ग्लास मांडायचे, एक नळाच्या पाण्याचा, एक आरओच्या पाण्याचा. दोन्हींत चार सळ्यांचं एक उपकरण सोडायचं आणि बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर गाळाचा फेस. आरओचं मात्र तसंच नितळ. “ताई, हे तुम्ही मुलांना अंघोळीला देता.” पत्रकात केस गळणं, मूतखडा, सगळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या निकषावर मर्यादाच सुचवलेली नाही, हे त्या ताईंना कोण सांगणार?

तो गाळ पाण्यातला नव्हे, सळ्यांचा. दोन सळ्या लोखंडाच्या, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या. वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. कॉइलवरच्या खपलीचं रसायन मला त्यानेच शिकवलं होतं.

एका मोठ्या वसाहतीची ऑर्डर गेली, मग दुसरीची. कामावरची दोन मुलं सोडून त्याच्याकडे गेली. गोदामात आमच्या रिकाम्या टाक्या आणि मिठाच्या गोण्या. पावसाळ्यात मिठाने ओल धरली आणि गोण्यांचे दगड झाले. मी लोकांना सांगायला गेलो तर ते हसायचे. धंदा गेला म्हणून जळतोय. जळत होतोच, पण म्हणून खोटं बोलत नव्हतो.

त्या वेळी बाई उभ्या राहिल्या. बाई म्हणजे आमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांतल्या. हिशेब तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त, घरातल्या प्रत्येक दुरुस्तीची वहीत तारीख. त्यांच्या इमारतीच्या सभेत त्याने ग्लासांचा खेळ केला, लोक आ वासून बघत होते, मी मागच्या रांगेत. बाईंनी उपकरण हातात मागितलं, चष्मा वर करून सळ्या पाहिल्या आणि विचारलं, “गाळ पाण्यातला आहे, तर या दोन सळ्या कशाने खाल्ल्या?”

तो म्हणाला, जुनं उपकरण आहे. मी उठलो, चिमूटभर मीठ मागवलं आणि नितळ राहिलेल्या ग्लासात टाकलं. “आता लावा बटण.” त्याने लावलं नाही, बाईंनी लावलं. आरओचं पाणी सगळ्यांदेखत तपकिरी झालं.

सभेने टाळ्या वाजवल्या आणि ऑर्डर त्यालाच दिली. आगाऊ रक्कम देऊन झाली होती म्हणे. चुंबक बसल्यावर बाईंनी माझ्याकडून थेंब मोजून घेतले. आधी बावीस, नंतर बावीस. यावर त्याचं उत्तर तयार होतं: क्षार जात नाहीत, क्षारांचा स्वभाव बदलतो. चुंबकाच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत हे मी वाचलं आहे, म्हणून छातीठोक बोलत नाही. एवढंच सांगतो की वर्षभरात त्या इमारतीतले गिझर एकेक करत आमच्याच बाकावर आले. कॉइल तशाच, मनगटाएवढ्या. त्यांवरच आम्ही तगलो.

आता विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. सॉफ्टनर घेताना डब्याचा रंग बघू नका, आत रेझिन, म्हणजे कॅल्शियम धरून सोडियम सोडणारे बारीक मणी, किती लिटर आहे ते विचारा. पंचवीस लिटर रेझिन लिटरला पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने साडेबाराशे ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे बावीस थेंबांचं पाणी साधारण तेहतीसशे लिटर. मग मिठाने रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं, करायचंच. मिठाच्या टाकीत महिन्यातून एकदा काठी घाला. वर कडक पापुद्रा धरतो, खाली पोकळी होते आणि पाणी मिठाला शिवतच नाही. टाकी भरलेली दिसते पण नळाला जडच येतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढा, कारण आमच्या पाण्यात लिटरला 170 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम वाढतो. हे आम्ही सांगतो. विक्री कमी होते. आणि क्षार काढायला टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरू नका. नळाचा मुलामा जातो, आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात, आणि धीर. बस्स.

मधली वर्षं बरी गेली. आता नऊ जण आहेत, दोन गाड्या आहेत. भागीदार हल्ली स्वतः सॉफ्टनर विकतो. मागे त्याचा माणूस इंडिकेटर संपला म्हणून आमच्याकडे आला होता. दिला. वहीत मांडून ठेवलाय.

बाईंच्या घरचा तो पहिला सॉफ्टनर अजून चालू आहे, रेझिन तिसरं. आता हात थरथरतो म्हणून ड्रॉपर नातू धरतो आणि त्या मोजतात. शून्यावर असलं तर फोन नाही. परवा फोन आला. “चार लागले,” म्हणाल्या, “काठी घालून बघितली. या तुम्ही.”