नियमांत बसणारा द्वेष

एका समाजमाध्यमावर आलेल्या तक्रारी तपासून मजकूर ठेवायचा की काढायचा हे ठरवणे, हे माझे काम. बहुतेक निर्णय काही सेकंदांत होतात. त्या दिवशी मात्र एकाच प्रकरणात माझी कामाची संपूर्ण पाळी गेली. लेस्बियन स्त्रियांचा एक गट ध्यान आणि प्रार्थनेसाठी नियमितपणे लाइव्ह येत असे. त्या गटाविरुद्ध रातोरात इतक्या तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या की यंत्रणेने त्याचे पान आपोआप बंद केले होते.

गटाच्या मजकुरात आक्षेपार्ह असे काहीच सापडले नाही. खरे प्रकरण त्याखालच्या प्रतिक्रियांत होते. समलैंगिकतेला रोग ठरवून ‘उपचार’ सुचवणाऱ्या प्रतिक्रिया मी लगेच काढल्या, कारण जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले आहे आणि आमचा नियमही याबाबतीत स्पष्ट आहे. अडचण होती ती सभ्य प्रतिक्रियांची. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’, ‘अजूनही परत फिरा’, शिवाय धर्मग्रंथांतली वचने. सुटी वाचली तर यांतली एकही नियमात अडकत नव्हती. लिहिणाऱ्यांनी आमचे नियम आमच्याइतकेच नीट वाचले असावेत.

शिवी बाहेरून येते आणि ती शिवी आहे हे ऐकणारीला कळते. पण जिथे ती आधार शोधायला आली, त्याच श्रद्धेच्या शब्दांत कोणी तिला अपात्र ठरवले, तर ते परतवायचे कसे? नाकारले जाण्याची सततची धास्ती, स्वतःला लपवणे आणि समाजाची घृणा स्वतःवरच उलटवून घेणे, या गोष्टी संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये समलैंगिकांसारख्या अल्पसंख्याकांच्या मानसिक ताणाविषयी मांडलेल्या विवेचनात येतात. प्रशिक्षणात ते मी वाचले होते. गटाच्या संयोजिकेने फेरविचारासाठी केलेल्या अर्जात तेच दिसले: काहीजणींनी कॅमेरे बंद केले, काही येईनाशा झाल्या आणि एकीने तर ‘कदाचित त्यांचेच खरे असेल’ असे गटातच लिहिले.

मी हे प्रकरण सुट्या प्रतिक्रियांचे न मानता संघटित छळाचे म्हणून वरिष्ठांकडे पाठवले. नेमके कोणते वाक्य नियम मोडते, असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्तच होता. एकच मजकूर, तोही विरामचिन्हांसकट, अनेक नव्या खात्यांवरून जवळजवळ एकाच वेळी आला होता. तो क्रम मी त्यांच्यापुढे ठेवला. अखेर ती खाती बंद झाली आणि गटाचे पान पुन्हा सुरू झाले.

पान सुरू झाल्याचे कळवल्यावर संयोजिकेने आभार मानले, पण आता लाइव्ह येणार नाही आणि जुन्या सदस्याच्या ओळखीशिवाय कोणालाही प्रवेश देणार नाही, असेही लिहिले. तिच्या जागी मीही तेच केले असते. मात्र आपल्यासारखी दुसरी कोणीच जिला ठाऊक नाही आणि या गटापर्यंत पोहोचायला जिच्यापाशी ते उघडे पान सोडून दुसरा मार्ग नव्हता, तिला ही ओळख देणार कोण, याचे उत्तर संयोजिकेकडे नव्हते आणि आमच्याकडेही नाही.